शरीफ: नुसता सज्जन नव्हे
शरीफ म्हणजे फक्त सभ्य माणूस असं एकांनी लिहिलंय, पण अरबस्तानात ही चक्क खानदानी पदवी आहे हो. मुळात कुठल्याही उच्चकुलीन टोळीप्रमुखाला शरीफ म्हणायचे, अनेकवचन अश्राफ, नंतर मात्र ती पैगंबरांच्या वंशजांसाठीच राखीव होत गेली आणि हिजाझमध्ये, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रदेशात, तर पैगंबरांचे नातू हसन आणि हुसेन यांपैकी हसनचे वंशज ते शरीफ आणि हुसेनचे ते सय्यद असा फरक पाळायचे.

आणि हे नुसतं नावाला नव्हतं बरं का. वंशावळीची नोंद ठेवायला नकीब नावाचा खास अधिकारी असायचा, कोण खरा कोण तोतया हे तोच ठरवणार, कारण या लोकांना मान आणि सवलती दोन्ही मिळायच्या. १३७१-७२च्या सुमारास इजिप्तच्या मामलुक सुलतान शाबानने तर हुकूमच काढला की अश्राफांनी पागोट्याला हिरवी खूण लावायची, म्हणजे रस्त्यात बघताक्षणी कळावं.

मक्केची सत्ता याच शरीफ घराण्यांकडे दहाव्या शतकापासून १९२४ पर्यंत होती, १५१७ नंतर ऑटोमन सुलतानाच्या छत्राखाली. शेवटच्या काळातले शरीफ हुसेन, ज्यांनी १९१६ मध्ये तुर्कांविरुद्ध बंड केलं, त्यांचा एक मुलगा फैसल इराकचा राजा झाला, दुसरा अब्दुल्ला जॉर्डनचा. इतकं सगळं असताना त्याला नुसतं 'सभ्य' म्हणून सोडून देणं मला तरी पटत नाही.

आपल्याकडे शहाजीराजांचे भाऊ शरीफजी, ते नाव नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवलं असं परंपरेने सांगतात. आणि जॉर्डनचं राजघराणं आजही मक्केच्या त्या शरीफ हुसेन यांच्याच वंशाचं, म्हणजे हाशिमी, आहे.