गोविंदाग्रजांचे ‘प्रेम आणि मरण’: झाडाचे ते प्रेम खरे होते का?

पिंपळपान:
मोकळ्या मैदानात एक मोठे झाड आहे, भोवती गुडघाभर झुडपे आहेत, मातीत पसरलेल्या वेली आहेत. एके दिवशी त्याला वीज दिसते, त्याचा सगळा संसार फिका पडतो आणि ते तिच्यासाठी तपश्चर्येला बसते. देव समजावतो की हिची भेट म्हणजे मरण. झाड उत्तर देते:

निष्प्रेम चिरंजीवन ते
जगि दगडालाही मिळते
धिक् तया!
क्षण एक पुरे प्रेमाचा
वर्षाव पडो मरणांचा
मग पुढे!

विशीत या ओळी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या होत्या. आता पन्नाशी उलटल्यावर गोविंदाग्रजांची, म्हणजेच राम गणेश गडकऱ्यांची, ही कविता पुन्हा वाचली, तेव्हा वाटले होते की ती भाबडी वाटेल. तशी ती वाटली नाही. चौदा-चौदा मात्रांच्या दोन ओळी धावत येतात आणि तिसरी अवघ्या पाच मात्रांत थांबते. ‘धिक् तया’, ‘मग पुढे’ असे ते थांबणे म्हणजे हिशेब संपल्याची खूण आहे. आपण सारे जण प्रेमातही पुढचे पाहतो, घर, नोकरी, पत्रिका, लोक काय म्हणतील. या झाडाने ‘पुढे’ हा शब्दच शेवटी ढकलला. माझ्या मते खऱ्या प्रेमाची याहून नेमकी ओळख मराठीत झालेली नाही.

कोरडवाहू:
आपल्या वाचनाचा आदर राखून पूर्ण असहमती नोंदवतो. आमच्या बांधावरच्या कडुनिंबावर वीज पडली, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. झाडातले पाणी एका क्षणात उकळून वाफ होते आणि साल आतून फुटते, हे पुढे कळले. त्या सकाळी दिसला तो शेंड्यापासून बुंध्यापर्यंत गेलेला पांढरा चरा आणि वीस-पंचवीस हातांवर उडालेल्या सालीच्या चिरफळ्या. त्या झाडाखाली आमची बैलजोडी बसत असे. त्या उन्हाळ्यात तिला सावली नव्हती.

म्हणून मला ही कविता वाचताना वीज दिसत नाही, वेली दिसतात. ज्या त्याच्यासाठी तळमळल्या, त्यांचे प्रेम कवीने आरासीच्या सामानात जमा केले आणि त्याच्यासाठी हळहळणाऱ्यांसकट सगळ्यांना ‘दीड वितीची दुनिया’ म्हणून मोकळा झाला. दुसरे असे की, त्याला जे हवे आहे ते विजेलाही हवे आहे का, हे तिला कुणी विचारत नाही. वर मागायचा तो देवाकडे! जिच्यावर प्रेम आहे तिच्याशी एक शब्द न बोलता केलेल्या तपश्चर्येला हट्ट म्हणावे. प्रेम म्हणू नये.

शुक्राची चांदणी:
खरे प्रेम पाहायचे तर कुसुमाग्रजांचे ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ पाहावे. तिथेही चंद्र, शुक्र, मंगळ आणि केस पिंजारलेला धूमकेतू आर्जवे करतात, तरी पृथ्वीचे मन सूर्यावरच राहते. फरक हा की, ती सूर्याची दूरता सोसते आणि फिरत राहते. तिच्या फिरण्यावर सगळ्यांचे दिवस-रात्र चालतात. झाडाला एक क्षण पुरला, हिला युगे पुरत नाहीत, आणि मला दुसरे अधिक कठीण वाटते.

पिंपळपान:
पृथ्वीचे उदाहरण माझ्याच बाजूने जाते. दूरता साहवेल असे म्हटल्यानंतरच्या कडव्यांत तीच पृथ्वी सूर्याच्या रुद्र रूपात मिळून जावे असे म्हणते की नाही? ओढ तीच आहे. तिच्या नशिबी कक्षा आली आणि झाडाच्या नशिबी वर आला, इतकेच.

विजेला विचारले नाही, हा आक्षेप मात्र मला अडवतो. त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. इतक्या वर्षांत तो मला सुचला नाही, याचे थोडे नवलच वाटते.

तिसरी ओळ:
दोन्ही बाजू झाडाला माणसासारखे जाब विचारत आहेत. गडकरी १८८५ साली जन्मले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले, म्हणजे जेमतेम ३३ वर्षांचे आयुष्य. ‘एकच प्याला’ लिहिणाऱ्या माणसाला नाद लागलेल्याच्या घराचे काय होते हे ठाऊक नव्हते, असे कुणी म्हणू नये. तिथे दारूच्या आहारी गेलेल्याच्या बायकोचे, सिंधूचे, हाल त्यांनी पानोपानी दाखवले आहेत. नाटकात त्यांनी वेलीची बाजू लिहिली, कवितेत झाडाची.

कोरडवाहू:
ही जोड मला मान्य आहे आणि तिने माझी तक्रार निम्मी होते. उरलेली निम्मी शेवटच्या कडव्यांपाशी आहे. झाड दुभंगून पडते, ‘परि पडता पडता हसला, एकदा’, आणि त्याच्या कळ्या कायमच्या फुलतात. आमच्या कडुनिंबाची एक बाजू वाळली, दुसरीला तिसऱ्या पावसाळ्यात पालवी आली, आणि आज तिथे पुन्हा गुरे बसतात. ते झाड हसले की नाही, मला सांगता येणार नाही. पण एका हसण्यापेक्षा त्या पालवीवर मी अधिक विश्वास ठेवतो.

पिंपळपान:
आपण पालवीवर ठेवावा. मी वहीचे ते पान फाडणार नाही. फक्त त्या ओळींखाली ‘आणि वीज?’ एवढे दोन शब्द आज पेन्सिलीने लिहिले आहेत.