प्रतिसाद: क्योतोच्या पोन्तोचो गल्लीत गेइशा आणि जेवण

'गेइशा (नाच-गाण्याने पाहुण्यांचं मनोरंजन करणाऱ्या कलावंत) जिथे कला सादर करतात त्या चहाघरात ओळखीशिवाय घेत नाहीत, मग त्यांच्या फोटोसाठी गल्लीतच कॅमेरा घेऊन थांबायचं' हे इथे कुणी मांडलेलं मत अर्धंच पटलं. प्रवेश मिळत नाही हे खरं, पण पोन्तोचोत मे महिन्यात 'कामोगावा ओदोरी' हा नृत्याचा जाहीर कार्यक्रम असतो, १८७२ पासूनचा. तिकीट काढा आणि गेइको-माइकोंचा (क्योतोत गेइशांना गेइको आणि शिकाऊ मुलींना माइको म्हणतात) नाच खुर्चीत बसून निवांत बघा. वाट अडवून फोटो कशाला? गिओन या क्योतोतल्याच गेइशांच्या दुसऱ्या वस्तीच्या खासगी बोळांत तर २०२४ पासून पर्यटकांना बंदीच आहे. शिरलात तर १०,००० येन दंड.

पोन्तोचोत जेवायचं तर उन्हाळ्यात शेजारच्या कामो नदीच्या अंगाला लाकडी मचाणं घालतात, त्यावर बसा. बोळातून ती दिसत नाहीत, उपाहारगृहातून मागे जावं लागतं. दुपारी मात्र साधारण मे आणि सप्टेंबरातच वाढतात, मधे ऊन फार. शाकाहारी असाल तर आधी विचाराच, नुसत्या भाजीच्या रश्श्यातही बहुधा माशाचा अर्क असतो.