पेनड्राइव्ह जपायचा, की नुसता वापरायचा?

नोंदवही (धागाकर्ता)

'हल्ली पेनड्राइव्ह सरळ उपसून काढला तरी चालतो, इजेक्ट वगैरे जुन्या काळच्या गोष्टी' असं सर्रास ऐकू येतं. (इजेक्ट म्हणजे ड्राइव्ह उपसण्याआधी संगणकाला तसं सांगणं.) मला हे मत चुकीचं वाटतं, आणि ज्याच्या फायली जातात त्याला ते फार महागात पडतं. म्हणून हा धागा.

कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांना पोचली म्हणजे सगळा मजकूर ड्राइव्हवर उतरला असं नसतं. बऱ्याच वेळा तो आधी संगणकाच्या मेमरीत साठतो आणि तिथून सवडीने ड्राइव्हवर लिहिला जातो. लिनक्स वापरणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. खिडकी केव्हाच बंद झालेली असते, ड्राइव्हचा दिवा मात्र लुकलुकत राहतो.

दुसरी गोष्ट ड्राइव्हच्या पोटातली. फ्लॅश मेमरीत, म्हणजे मजकूर साठवणाऱ्या चिपमध्ये, लिहिणं छोट्या पानांत होतं, पण पुसणं एकदम मोठ्या ब्लॉकमध्येच. त्यामुळे एखादी लहानशी फाईल बदलली तरी आतल्या कंट्रोलरला, म्हणजे मेमरीचा कारभार पाहणाऱ्या चिपला, बराच मजकूर इकडून तिकडे हलवावा लागतो आणि कुठला तुकडा कुठे आहे याचा तक्ता नव्याने लिहावा लागतो. नेमकी तेव्हाच वीज तुटली तर तो तक्ताच बिघडू शकतो. मग ड्राइव्ह दिसतो, पण क्षमता शून्य दाखवतो.

त्यात बहुतेक पेनड्राइव्हवर फायलींची मांडणी फॅट३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीने असते. या दोन्हींत अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदच ठेवली जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका अर्धी खोडली गेली तर पानं जागेवर असूनही प्रकरण सापडत नाही, तसं होतं. फटका फक्त चालू फाईलला बसेल असंही नाही, शेजारच्या जुन्या फायलीही त्यात जातात.

म्हणून माझं म्हणणं: दर वेळी इजेक्ट करा, ड्राइव्हवरची फाईल थेट उघडून तासन्‌तास तिच्यावर काम करू नका, आणि उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ड्राइव्ह ठेवू नका. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही कारणांसकट लिहावं.

रोकठोक

असहमत. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, काढता येणाऱ्या ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' हीच मूळ सेटिंग आहे. मेमरीत मजकूर साठवून मागाहून लिहिणं त्यात बंद असतं. कॉपी संपली आणि दिवा स्थिर झाला की काढा, असं खुद्द मायक्रोसॉफ्टनेच ठरवलेलं आहे.

माझा खरा आक्षेप 'जपणं' या कल्पनेलाच आहे. पेनड्राइव्ह इथून तिथे मजकूर नेण्यासाठी असतो. त्याचं किती आयुष्य उरलंय हे कळायला मार्ग नाही. हार्ड डिस्क किंवा एसएसडी (फ्लॅश मेमरीची डिस्क) निदान आपल्या तब्येतीचे आकडे देतात, बहुतेक पेनड्राइव्ह तेही देत नाहीत. तो न सांगता जातो. नीट सांभाळलेला ड्राइव्ह टिकेलच असं एकदा वाटलं की माणूस दुसरी प्रत करत नाही, आणि फायली जातात त्या यामुळे. इजेक्टचा आग्रह सोडा, बॅकअपचा धरा.

नोंदवही

बॅकअपबद्दल वाद नाहीच. पण तुम्ही सांगितलेली सेटिंग फक्त विंडोजची. तीही प्रत्येक ड्राइव्हसाठी वेगळी बदलता येते. मॅकवर न सांगता काढलात तर आजही इशारा येतो. पेनड्राइव्ह तर मुळात वेगवेगळ्या संगणकांना लावण्यासाठीच असतो. कुठल्या संगणकावर कुठली सेटिंग आहे हे लक्षात ठेवत बसण्यापेक्षा एकच सवय बरी.

शिवाय इजेक्ट कधीकधी नकार देतं, आणि तो नकार फार उपयोगाचा आहे. कुठला तरी प्रोग्रॅम अजून फाईल धरून बसलाय हे त्यातूनच कळतं. दिव्याकडे बघून ते कळत नाही, आणि आता कित्येक ड्राइव्हना दिवाच नसतो.

सोल्डरगन

दुरुस्तीच्या कामात असल्याने वेगळी बाजू मांडतो. माझ्याकडे येणाऱ्या ड्राइव्हमध्ये इजेक्ट न केल्यामुळे गेलेले थोडे. जास्त येतात ते मार लागलेले. लॅपटॉपला लावलेला ड्राइव्ह कशाला तरी धडकतो, कनेक्टर वाकतो, आणि सर्किटला जोडणाऱ्या त्याच्या चार टोकांपैकी एखादं सोल्डर तडकतं. मग ड्राइव्ह वाकडा धरला तरच चालतो.

हे टाळणं सोपं आहे. ड्राइव्ह लावलेला असताना लॅपटॉप उचलू नका. काढताना बॉडी धरून सरळ ओढा, डावीउजवीकडे हलवत काढू नका. टाइप-ए (नेहमीच्या चपट्या यूएसबी) जोडणीसाठी लावणं-काढणं मिळून १,५०० वेळांचं मानक आहे, टाइप-सी (छोट्या, दोन्ही बाजूंनी लागणाऱ्या) जोडणीसाठी १०,००० वेळांचं. एकाच पोर्टला रोज लावत असाल तर मध्ये छोटी एक्स्टेन्शन केबल ठेवा. धक्का आणि झीज केबल सोसेल.

आता महत्त्वाचं. वाकलेला ड्राइव्ह दाबून दाबून परत लावत बसू नका, आणि 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं तर 'हो' म्हणू नका. सोल्डर तडकलं तरी मेमरी चिपमधला मजकूर तसाच असतो, जोडणी नव्याने करून तो काढता येतो. नखाएवढे इटुकले ड्राइव्ह मात्र वेगळे. त्यांत कंट्रोलर आणि मेमरी एकाच ठोकळ्यात ओतलेली असते. आवरण खरवडून आतल्या बिंदूंना केसासारख्या तारा जोडाव्या लागतात. ते काम खर्चिक, आणि जमेलच असं सांगता येत नाही. महत्त्वाच्या फायलींसाठी असा इटुकला ड्राइव्ह घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हो, भिजला तर पूर्ण सुकेपर्यंत लावायचा नाही. पाण्यापेक्षा ओलेपणात दिलेली वीज जास्त घात करते.

रोकठोक

माझंच म्हणणं तुमच्या अनुभवातून निघतंय. सगळे इजेक्टवर अडून बसतात आणि खरा मार लागतो कनेक्टरला.

दप्तरखाना

कागदपत्रं वर्षानुवर्षं टिकवण्याच्या दृष्टीने लिहिते. इथे सगळी चर्चा वापराची चालली आहे. नुसत्या ठेवून दिलेल्या ड्राइव्हचं काय?

फ्लॅशमध्ये मजकूर म्हणजे चिपमधल्या सूक्ष्म कप्प्यात, पेशीत, कोंडलेला विद्युतभार. तोशिबात फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात हे तंत्र विकसित केलं, तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे. पूर्वी एका पेशीत एकच बिट (शून्य किंवा एक) असे, म्हणजे भाराच्या दोनच पातळ्या ओळखायच्या. आता तीन बिटांसाठी आठ आणि चार बिटांसाठी सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात. जरासा भार झिरपला तरी आकडा बदलतो. पुसून लिहिण्याची सहनशक्तीही तशीच घटली. एक बिटवाल्या पेशी साधारण लाखभर वेळा चालत, तीन बिटवाल्यांचा हिशोब हजारांत येतो.

उष्णतेने ही गळती वाढते, म्हणून गाडीत ड्राइव्ह न ठेवण्याचा धागाकर्त्यांचा सल्ला अगदी योग्य. पण थंड, कोरड्या कपाटात ठेवला म्हणजे निश्चिंत, असंही नाही. घरगुती वापराच्या एसएसडीसाठी जेडेक या चिप उद्योगातल्या मानक-संस्थेचं मानक आहे: नेमून दिलेलं सगळं लेखन संपल्यावर, विजेविना, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर टिकला पाहिजे. नव्या, कमी वापरलेल्या चिपमध्ये तो याहून बराच जास्त टिकतो. पेनड्राइव्हला मात्र हे मानकही लागू नाही, आणि चांगल्या प्रतीच्या चिप सहसा त्याच्या वाट्याला येत नाहीत. कुटुंबाचे फोटो एकाच पेनड्राइव्हवर टाकून दहा वर्षं खणात ठेवणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते.

काठावरचा

मग वर्षातून एकदा संगणकाला लावला की भार ताजा होतो, हे खरं का? आणि दर महिन्याला डीफ्रॅग करावा, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे सलग मांडावेत, असंही वाचलं होतं.

दप्तरखाना

नुसता लावून भार ताजा होईलच असं नाही. काही कंट्रोलर आतल्या आत मजकूर तपासून नव्याने लिहितात, पण आपल्या ड्राइव्हमधला तसं करतो की नाही हे बाहेरून दिसत नाही. भरवशाचा मार्ग एकच: सगळा मजकूर दुसरीकडे कॉपी करा, फायली उघडून बघा, मग ड्राइव्ह फॉरमॅट करून परत लिहा. नव्याने लिहिलं की भार नवा.

डीफ्रॅग अजिबात नको. फ्लॅशमध्ये फिरणारी तबकडी नाही, की तिच्यावर सरकणारं डोकं नाही. विखुरलेले तुकडे जवळ आणून वेग फारसा वाढत नाही, लिहिण्याच्या मोजक्या फेऱ्या मात्र खर्च होतात.

काटेकोर

खरेदीच्या दिवसाबद्दल कुणीच लिहिलं नाही. बाजारात खोट्या क्षमतेचे ड्राइव्ह आहेत. आत चिप छोटी, पण कंट्रोलर संगणकाला मोठा आकडा सांगतो. खरी जागा संपली की नवा मजकूर जुन्यावर चढतो किंवा हवेत जातो, फायलींची नावं मात्र नीट दिसत राहतात. असा ड्राइव्ह कितीही जपला तरी व्यर्थ. आणल्या आणल्या एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या तपासणीच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून, परत वाचून तपासा. वेळ लागतो, पण हे काम टाळू नये.

खासगी कागदपत्रं असतील तर ड्राइव्ह कूटबद्ध करा, म्हणजे पासवर्डविना वाचता येणार नाही असा करा, बिटलॉकर टू गो किंवा व्हेराक्रिप्ट हे प्रोग्रॅम वापरून. हरवलेला ड्राइव्ह कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, आणि डिलीट केलेल्या फायलीही बऱ्याचदा परत काढता येतात.

रोकठोक

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. कूटबद्ध करण्याबाबत मात्र इशारा द्यावासा वाटतो. साध्या ड्राइव्हची रचना बिघडली तर काही फायली तरी हाती लागतात. कूटबद्ध ड्राइव्हचं सुरुवातीचं हेडर, म्हणजे कुलूप उघडण्याची माहिती असलेला भाग, गेलं की सगळंच कुलूपबंद. आधीच ठिसूळ असलेल्या माध्यमावर आणखी एक ठिसूळ थर कशाला?

काटेकोर

व्हेराक्रिप्ट हेडरची एक प्रत कूटबद्ध भागाच्या शेवटीही ठेवतं, शिवाय ती वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवता येते. बिटलॉकरची रिकव्हरी की (अडचणीत कुलूप उघडणारा लांबलचक आकडा) ड्राइव्हपासून लांब ठेवावी, तिच्याविना तज्ज्ञही काही करू शकत नाही. दुसऱ्याच्या हाती ओळखपत्रांच्या प्रती पडण्यापेक्षा हा धोका मला परवडतो. न जाणो, तुम्ही फक्त गाणी नेत असाल तर तुम्हाला याची गरजही नसेल.

काठावरचा

आणखी एक विचारतो. माझा ड्राइव्ह अचानक 'राइट प्रोटेक्टेड', म्हणजे लिहायला बंदी, असं सांगतोय. बाजूला सरकवायचं बटणही नाही. जालावर दहा उपाय दिसले, कमांड देऊन ते हटवा म्हणे. कुठला करू?

सोल्डरगन

तूर्त एकही नको. झिजलेल्या ब्लॉकच्या जागी वापरायचे राखीव ब्लॉक संपले की पुष्कळ कंट्रोलर लिहिणं बंद करून वाचणं तेवढं चालू ठेवतात. तुमचंही बहुधा तेच झालंय. त्या कमांड विंडोजची सेटिंग बदलतात, कंट्रोलरने घातलेली बंदी त्यांनी उठत नाही. कंट्रोलर नव्याने प्रोग्रॅम करणारी साधनं मजकूरच पुसतात.

आज, आत्ता, सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. सर्वांत महत्त्वाच्या फायली आधी, मोठे व्हिडिओ शेवटी. एखाद्या फाईलवर अडकला तर ती सोडून पुढे जा, तिच्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न नंतर. आणि टाकून देण्याआधी चिप फोडा, कारण आता त्यावरचं काही पुसता येणार नाही.

नोंदवही

काठावरचा, उतरवलेल्या फायली उघडून बघा आणि मगच चिपला हात लावा.