लकवा झालेल्या बाबांचा डावा खांदा दुखतो, शिवाय एक विचित्र गोष्ट: मदत हवी आहे

नमस्कार. गाव आर्णी तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. बाबा ६१ वर्षांचे. खांदशेकणीच्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावता लावता गोठ्यातच कलंडले. डावी बाजू गेली. नाल्याला पूर होता, दवाखान्यात पोचेपर्यंत पाच तास उलटले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात म्हणे.

दोन महिने झाले. धरलं की चार पावलं चालतात, पंजा घासत येतो. हात तसाच. फिजिओथेरपीला यवतमाळला दहा दिवस नेलं, पुढे गाडीभाडं झेपेना, त्यात कापूस वेचणीला आलेला. आता आई आणि मीच व्यायाम करून घेतो.

हात लोंबतो, खांद्याखाली बोटभर खाच पडली आहे. रात्री कण्हतात. भेटायला येणारा प्रत्येक जण लकव्याच्या औषधाचा नवा पत्ता देतो आणि त्याच हाताला धरून बाबांना उठवून बसवतो. मालीश जोरात करावी का?

दुसरं म्हणजे, बाबांना ठेचा दोनदा लागायचा. आता भाजी-भाकर संपते, ठेचा-लिंबू तसंच. आम्हाला वाटलं चव गेली. परवा आईने ताट फिरवून ठेवलं, तर ठेचा संपला आणि भाजी राहिली!

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट, वर्धा):
भाऊ, आईने अर्धं निदान केलं की! मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की डावीकडे लक्षच जात नाही. काहींची त्या बाजूची नजरही जाते, म्हणून डॉक्टरांना सांगाच. बोलताना त्यांच्या डावीकडे बसा. ताटाच्या डाव्या कडेला लाल फडकं ठेवा, ते दिसेपर्यंत मान वळवायला लावा. चुलीजवळ एकटं सोडू नका.

हाताला धरून उठवणं आजपासून बंद, पाहुण्यांनाही सांगा. कमरेला दुपट्टा बांधून तो धरा. बसले की कोपराखाली उशी द्या. मालीश हलकी, हात ओढून डोक्यावर नेणं नाही. पंजासाठी पायाचा स्प्लिंट (पाऊल लोंबू न देणारा आधार) मिळतो. पत्ते कितीही येवोत, रक्तदाबाची गोळी सोडू नका. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, तेव्हा महिन्यातून एकदा तरी नेऊन व्यायाम बदलून घ्या. बसतात कशावर? सैल बाजेवरून उठणं धडधाकट माणसालाही जड जातं.

धागाकर्ता:
बाज सैलच आहे हो. माळ्यावर लाकडी तख्त पडलंय, संध्याकाळी उतरवतो.