मदत हवी आहे – फायनान्सवाले कमी हप्ता कबूल करून आता पूर्ण मागूलालेत

शिफ्टवाला_मच्छे
नमस्कार मंडळी, जरा तातडीनं सांगा. मार्चमध्ये फायनान्सच्या माणसानं स्वतः सांगितलं होतं की सध्या महिन्याला तीन हजार भरत राहा, बाकीचं मी सिस्टिमला घालतो. मी पाच महिने न चुकता भरलेत. आता शाखेत नवीन साहेब आलाय, तो म्हणतो असलं काही ठरलंच नाही, ३६,४०० आत्ताच्या आत्ता भरा नाहीतर माणसं घरी येतील. घरात वडील आजारी आहेत. असं शब्द फिरवायला चालतं काय? कुठं तक्रार करायची तेवढं सांगा.

निवृत्त_कॅशियर
कर्ज कसलं, तारण आहे का, मूळ हप्ता किती, बाकी किती? तीन हजाराचं कुणी लिहून दिलंय का? एवढं सांगितल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही.

चंदगडचा_मी
दादा, महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत नाव बघा. आमच्या गावात खूप जणांचं दोन लाखांपर्यंत माफ झालं. तहसीलला आधार घेऊन जा.

खानापूरचा_बाळू
अहो ती महाराष्ट्राची २०१९ ची योजना, ती पण पीककर्जाची. हे मच्छेचे म्हणजे बेळगाव तालुका, कर्नाटक. चंदगड घाटापलीकडं नसलं, जवळच असलं, तरी तिकडचं सरकार वेगळं आहे.
शिफ्टवाले, सोनं आहे काय घरात? भाव बघितला काय? विका आणि मोकळे व्हा. मी २०२१ ला तेच केलं, आज एक रुपया कुणाचा देणं नाही.

शिफ्टवाला_मच्छे
शेती नाही. पर्सनल लोन आहे, तारण काही नाही, हप्ता ८,१४०, बाकी २ लाख १० हजार. वडिलांच्या ऑपरेशनला काढलेलं. मी उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, आधी ओव्हरटाइम धरून २७ हजार पडत होते, ऑर्डर कमी झाल्यावर सेकंड शिफ्टच बंद झाली, आता १६,५०० हातात येतात. लिहून कुणी दिलं नाही, तोंडी झालं. पण तो माणूस दर महिन्याला स्वतः फोन करून आठवण करायचा, म्हणजे कंपनीला माहीतच होतं की.

निवृत्त_कॅशियर
आकडा जुळत नाही. पाच हप्त्यांचे ४०,७००. तुम्ही १५,००० भरलेत. राहिले २५,७००. मग ३६,४०० कुठून आले? पाच महिन्यांत दहा हजार दंड लागत नाही. तुम्ही पैसे भरले कसे? लोन खात्याच्या नंबरवर, का कुणाच्या हातात?

शिफ्टवाला_मच्छे
फोनपेवर. सुरुवातीचे तीन कंपनीच्या लिंकवर. जून-जुलैला त्यानं सांगितलं लिंक चालेना, माझ्या नंबरवर टाका मी भरतो.

निवृत्त_कॅशियर
तिथंच गेले. म्हणजे खात्यावर ९,००० च जमा आहेत. ४०,७०० वजा ९,००० म्हणजे ३१,७००, आणि वर ४,७०० बाउन्सचे व दंडाचे. बरोब्बर ३६,४००. नवीन साहेब खोटं बोलत नाही, त्याच्या पडद्यावर तेवढंच दिसतंय.
आजच दोन्ही पेमेंटचे स्क्रीनशॉट काढा, यूटीआर नंबर (प्रत्येक पेमेंटचा वेगळा असतो तो) दिसला पाहिजे. त्या माणसाचे मेसेज डिलीट करू नका. शाखेतून खात्याचं स्टेटमेंट मागा आणि हे ६,००० वसुलीच्या माणसानं घेतले अशी लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं द्या. त्याचा मेल आयडी कर्जाच्या कागदावर असतोच.

निपाणीची_अक्का
अरे देवा. पोरा, हे वाचून पोटात कालवलं. आमच्या गल्लीत संघाच्या, म्हणजे बायकांचा गट करून देतात त्या कर्जात असंच झालं, बाई पैसे द्यायची आणि कार्डावर सही घ्यायची नाही. पावतीशिवाय एक रुपया द्यायचा नाही हे आता पक्कं कर. घरी बायकोला सगळं सांगितलंयस काय? नसलं तर आधी ते कर.

अथणीकर७८
सोपा उपाय सांगतो. सिम बदला, त्या बँकेतलं खातं रिकामं ठेवा, काय करणार आहेत? तारण नाही म्हटल्यावर घर नेत नाहीत. माझ्या भावानं दोन वर्षं उचललाच नाही फोन.

कोर्टकचेरी
हा सल्ला धोक्याचा आहे, कृपया ऐकू नका. शिफ्टवाले, तुमचा हप्ता खात्यातून आपोआप कापायचं मँडेट अजून चालू आहे ना? खात्यात पैसे नसताना ते परत गेलं तर चेक बाउन्ससारखाच गुन्हा आहे, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७, कलम २५. लगेच कुणी आत टाकत नाही, पण नोटीस आल्यावर गप्प बसणाऱ्याचंच नुकसान होतं. पत्ता बदलला, नोटीस परत गेली, आणि मग कोर्टात माणूस पळपुटा ठरतो.

अथणीकर७८
तुम्ही वकील लोक घाबरवायचंच काम करता. गरिबानं पगारातनं द्यायचे काय आणि खायचं काय?

कोर्टकचेरी
द्यायचे किती हेच तर ठरवायचंय. मी द्या म्हटलं नाही, लपू नका म्हटलं.

शिफ्टवाला_मच्छे
मँडेट चालूच आहे. दर ५ तारखेला परत जातंय आणि बँक पण ५९० कापूलालीय. कळलं नव्हतं कशाचे ते. बायकोला फायनान्सचं माहीत आहे, सोसायटीचं थकलेलं माहीत नाही.

निवृत्त_कॅशियर
सोसायटी? म्हणजे अजून कर्ज आहे. दादा, सगळं एकदाच सांगा ना. एका कागदावर जे जे देणं आहे ते मांडा आणि इथं टाका.

शिफ्टवाला_मच्छे
सॉरी, मला वाटलं त्याचा याच्याशी संबंध नाही. सहकारी सोसायटीचे ९६,००० बाकी, हप्ता ४,३००, दोन थकलेत, जामीनदार एक मामा आणि एक कंपनीतला मित्र. बायकोच्या नावावर संघाचं कर्ज, आठवड्याला ६४०, बाकी २२ हजाराच्या आसपास, ते मात्र कधी चुकवलं नाही. आणि बँकेत बोरमाळ आणि मंगळसूत्र ठेवून ७०,००० उचललेत, पुढच्या महिन्यात वर्ष भरतं, ६,३०० व्याज भरून फिरवून घ्यावं लागणार. बायको शिवणकाम करते, तीन हजार धरा. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार येतात पण कधी येतात कधी दोन महिने नाही. घरखर्च वडिलांची औषधं धरून बारा हजार, त्याच्या खाली जमत नाही, करून बघितलंय.

खानापूरचा_बाळू
मग मी काय सांगत होतो! किती तोळे?

शिफ्टवाला_मच्छे
बोरमाळ दीड तोळा. सासूबाईंनी घातलेली. ते नको.

खानापूरचा_बाळू
भावना बाजूला ठेवा. बँकेचे सत्तर भागवून वर रक्कम सुटते, ती फायनान्सच्या तोंडावर मारा आणि सेटलमेंट करून, म्हणजे कमी रकमेत मिटवून टाका.

निपाणीची_अक्का
बाळूभाऊ, बोरमाळ तिची आहे, तिला विचारल्याशिवाय तुम्ही-आम्ही विकायला निघालो. आणि माझ्या चुलत भावानं सेटलमेंट केलं, सिबिलला "सेटल्ड" असं आलं, पुढं पोराच्या शिक्षणाच्या कर्जाला बँकेनं तेच बोट दाखवलं. शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

वडगाव_माग
माझा पण असाच प्रश्न आहे. मागाच्या वीजबिलाची बाकी आणि सूतवाल्याची उधारी, सूतवाला व्याज लावतोय, त्याला कायद्यानं लावता येतं काय? साडीला गिऱ्हाईक नाही.

कोर्टकचेरी
वडगाव, वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर बोलू. व्यापारी उधारीचं गणित वेगळं असतं.

निवृत्त_कॅशियर
आता मांडणी होते. येणारे १६,५०० आणि ३,००० मिळून १९,५००, गृहलक्ष्मी मोजायची नाही, आली तर औषधाला. खर्च बारा. उरले ७,५००. देणं महिन्याला १५,२०० च्या वर. म्हणजे कितीही ओढाताण केली तरी निम्मंच भागतं, तुमच्यात खोट नाही, गणितच तसं आहे.
संघाचे महिन्याला साधारण २,७७० पडतात, ते पूर्ण द्या, आठ महिन्यांत संपतंय. सोन्याच्या व्याजासाठी दरमहा ५२५ बाजूला. राहिले ४,२००. ते सोसायटी आणि फायनान्सला बाकीच्या प्रमाणात, म्हणजे सोसायटीला १,३०० आणि फायनान्सला २,९००. प्रत्येकाच्या पत्रात हा सगळा तक्ता लावायचा, दुसऱ्याला किती देताय तेही. एकाला जास्त दिलं नाही हे दिसलं की समोरचा माणूस वरच्या ऑफिसला बोलू शकतो. मी ३१ वर्षं काउंटरच्या आत होतो, "जमेल तसं भरतो" म्हणणाऱ्याला साहेब काही करू शकत नाही, आकडा घेऊन आलेल्याची फाईल पुढं जाते.

कोर्टकचेरी
प्रमाणात वाटणं मला पटत नाही. सोसायटीला जामीनदार आहेत. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, सोसायटी सरळ मामाला धरू शकते. मित्राच्या पगारावर आलं तर कामावर तोंड दाखवायचं कसं? सोसायटीला जास्त, फायनान्सला कमी.

निवृत्त_कॅशियर
मग फायनान्सला काय सांगणार, तुमचं तारण नाही म्हणून तुम्हाला कमी? मामांना आधी जाऊन सांगा, नोटिशीतून कळण्याआधी. ते महत्त्वाचं. रकमेत शंभर-दोनशे इकडंतिकडं चालेल.
एक गोष्ट मात्र खरी, २,९०० नं फायनान्सचं व्याजसुद्धा भागत नाही. दर किती आहे?

शिफ्टवाला_मच्छे
२२ टक्के.

निवृत्त_कॅशियर
म्हणजे महिन्याचं व्याजच ३,८५०. नुसतं कमी भरत राहिलात तर बाकी वाढत जाणार. म्हणून पत्रात दोन टप्पे लिहा. आठ महिने २,९००, मग संघ संपला की ते २,७७० पण इकडं, म्हणजे ५,६७०. तोवर बाकी २ लाख १८ हजाराच्या आसपास झालेली असेल, साडेपाच वर्षं मुदत करून दिली तर हप्ता ५,७०० च्या जवळ बसतो. मान्य करणं त्यांच्या हातात, पण हा आकडा त्यांना समजतो. आणि मँडेट ८,१४० वरून कमी करा किंवा थांबवा हे त्याच पत्रात मागा. मंजुरी लेखी आल्याशिवाय ठरलं असं धरायचं नाही. दंडावर व्याज चढवता येत नाही, रिझर्व्ह बँकेनं २०२३ लाच तसं सांगितलंय, स्टेटमेंट आलं की ते तपासा.

अथणीकर७८
आणि माणसं घरी आली तर? तिथं पत्र दाखवणार?

कोर्टकचेरी
वसुलीचा माणूस सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाही, संघाच्या मायक्रोफायनान्सला नऊ ते सहा. ओळखपत्र मागा, नाव-वेळ वहीत लिहा. शेजाऱ्यांना सांगणं, धमकी देणं बंदच आहे. कर्नाटकचा २०२५ चा छळाविरुद्धचा कायदा आहे, दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, पण रिझर्व्ह बँकेत नोंद असलेल्या कंपन्या त्यात धरत नाहीत, त्यामुळं तो घेऊन तिथं भांडू नका. त्यांच्यासाठी आधी कंपनीकडं तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, फोन १४४४८. सोसायटी त्यात येत नाही, तिचं सहकार खात्याकडं.

खानापूरचा_बाळू
नोटिसा कन्नडात येतात त्याचं काय? माझ्या आईनं दोन महिने नोटीस कपाटात ठेवली, लाइट बिल समजून. ७० वर्षं झाली आम्ही इथं मराठीत बोलतोय आणि

धागाप्रमुख
बाळूभाऊ, विषय सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे पण या धाग्यात नको. सीमाप्रश्नाचा धागा चालू आहे.

निपाणीची_अक्का
एवढंच सांगते, संघाच्या कर्जाचं कार्ड आपल्याला कळेल त्या भाषेत द्यायचा नियम आहे. मी मागून घेतलं. पहिल्या पानावर हप्ता, व्याज, तक्रारीचा नंबर, सगळं मराठीत.

शिफ्टवाला_मच्छे
(सोळा दिवसांनी) मंडळी, उशीर झाला. बायकोला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून शिवणाची वही आणली आणि कुणाकुणाचं शिलाईचं येणं आहे ते काढत बसली. १,८५० निघाले. मामांकडं गेलो, ते रागावले, मग स्वतःच सोसायटीत आले सोबत. मॅनेजरनं सहा महिन्यांसाठी १,५०० लिहून दिले, शिक्का मारून. १,३०० ला तयार नव्हता, २०० मामा घालूलालेत.
फायनान्सच्या शाखेनं पत्र घेतलं पण पोच देईना, म्हणून पोचपावती लावून स्पीड पोस्टनं पाठवलं, मेल पण केला. तक्रार नंबर आलाय. ६,००० ची चौकशी करतो म्हणालेत, २,९०० बद्दल काहीच नाही. परवा पावणेआठला एक जण दारात आला, वडिलांनी दार उघडलं. मी ओळखपत्र मागितलं, फोटो काढला, वेळ लिहिली. गेला.
आज हे पोस्टानं आलंय, कन्नड आणि इंग्लिश, कोर्टाचा शिक्का आहे. हात कापूलालेत खरं सांगतो. फोटो टाकतोय, नाव-नंबर झाकलेत.

खानापूरचा_बाळू
मी कन्नड शाळेत शिकलोय, वाचून सांगतो. घाबरू नका. ही दाव्याची नोटीस नाही. लोकअदालतीत तडजोडीसाठी बोलावलंय, दावा दाखल व्हायच्या आधीचं. शनिवारी सकाळी साडेदहा, जिल्हा न्यायालय आवार. खाली लिहिलंय वकील नसला तरी चालेल.

कोर्टकचेरी
जाच. फी नाही. पण तिथं सही केलेली तडजोड दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखी, त्यावर अपील नाही, त्यामुळं २,९०० आणि पुढं ५,६७० च्या पलीकडचा आकडा दडपणाखाली कबूल करू नका. जमलं नाही तर सही न करता परत या, त्यात काही गैर नाही. ६,००० चे स्क्रीनशॉट छापून न्या. मोफत वकील पाहिजे असेल तर तिथंच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, फोन १५१००.

खानापूरचा_बाळू
शनिवारी मी बेळगावातच आहे. डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कचेरीच्या) गेटजवळ दहाला थांबतो, कन्नड बोलायला कुणीतरी बरोबर असलेलं बरं. बोरमाळीचं बोललो त्याबद्दल वहिनींना सॉरी सांगा.

शिफ्टवाला_मच्छे
येतो दहाला. शर्ट निळा असेल, हातात प्लास्टिकची फाईल.