'जबाबदारी घ्या' म्हटलं की पीडित माणूस 'चूक माझीच' असं ऐकतो. काय बदलावं?

पाऊलवाट
आत्मविकासाच्या गटात 'आपल्या आयुष्याची जबाबदारी आपली' हे तत्त्व पहिल्याच सत्रात येतं. छळ, मारहाण, फसवणूक सोसलेल्यांना त्यातून दोषच ऐकू येतो. वर गटातलं कोणी तरी विचारतंच, "मग यातून तू काय शिकलीस?" हे तत्त्व सोडूनच द्यायचं, की मांडायची पद्धत बदलायची? नेमकी वाक्यं आणि क्रम सांगा.

अक्षरवेल
तत्त्व ठेवा, पण त्यात अडकलेले दोन प्रश्न सुटे करा. 'हे कोणी केलं?' हा झाला मागचा. 'आता माझ्या हातात काय आहे?' हा पुढचा. जबाबदारी हा शब्द फक्त या पुढच्या प्रश्नासाठी वापरायचा.

कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त करणाऱ्याने काय काय केलं ते. फोनवरच्या फसवणुकीचं उदाहरण घ्या: त्याने बँकेचा माणूस असल्याची बतावणी केली, खातं बंद पडेल अशी भीती घातली, विचार करायला वेळ मिळू नये म्हणून फोन ठेवू दिला नाही. उजवीकडे येत्या आठवड्यात करायच्या दोन-तीनच गोष्टी: कार्ड बंद करणं, तक्रार नोंदवणं, पासवर्ड बदलणं. डावी बाजू पूर्ण झाल्याशिवाय उजवीला हात लावायचा नाही. क्रम उलटला की उजवी बाजू 'मी हे आधीच करायला हवं होतं' अशी यादी होऊन बसते. चूक बहुतेक वेळा इथेच होते.

'मला कळायला हवं होतं' हे वाक्य आलंच तर विचारा, त्या मिनिटाला तुम्हाला नेमकं काय माहीत होतं? निकाल कळल्यावर तो आधीच दिसत होता असं वाटू लागतं, हे बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं.

आणखी एक सावधगिरी. 'माझं वागणं चुकलं' आणि 'मीच तशी आहे' हे आत्मदोषाचे दोन प्रकार रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी १९७९ मध्ये वेगळे केले. पहिल्याने सावरायला मदत होते हा त्यांचा अंदाज पुढच्या अभ्यासांत सगळीकडे टिकला नाही. म्हणून 'स्वतःला नाही, वागण्याला दोष दे' हा सल्ला गटात देऊ नका.

तिसरा_प्रहर
वर लिहिलंय त्यात भाषेची भर घालतो, कारण मराठीत दोष फार लहान जागेत लपतो. 'ती फसली' या वाक्यात फसवणारा आहे कुठे? 'त्याने तिला फसवलं' म्हटलं की तो समोर येतो. 'तिला मारहाण झाली' यातही मारणारा गायब. लॉरा नीमी आणि लिएन यंग यांच्या २०१६ च्या अभ्यासात वाक्याचा कर्ता अपराधी ठेवल्यावर वाचणाऱ्यांनी पीडितावर कमी जबाबदारी टाकली. गटात पाच वाक्यं देऊन ती करणाऱ्यापासून सुरू होतील अशी बदलायला लावा, दहा मिनिटं पुरतात.

दुसरा तो 'च'. 'गेलीस का?' हा प्रश्न, 'गेलीसच कशाला?' हा निवाडा. आणि 'टाळी एका हाताने वाजत नाही' ही म्हण अशा प्रसंगी बाहेरच ठेवा. टाळी दोघं मिळून वाजवतात, थप्पड एकाच हाताने बसते.

उंबरठा
ऐकणारे दोष का देतात हेही बघायला हवं, नाही तर तुम्ही फक्त शब्द सुधारत राहाल. लर्नर आणि सिमन्स यांचा १९६६ चा प्रयोग: चुकीच्या उत्तराला एका स्त्रीला विजेचे झटके बसतात, असं बघणाऱ्यांना दाखवलं (झटके खरे नव्हते). तो त्रास थांबवणं हातात नसलेल्यांनी तिलाच कमी लेखलं. त्रास थांबवायची संधी मिळालेल्यांनी तिला तितकं हिणवलं नाही. जग न्यायाने चालतं हा विश्वास वाचवायला माणूस समोरच्याला उणं ठरवतो.

म्हणून ऐकणाऱ्याच्या हाताला काम द्या. स्क्रीनशॉट तारखेनुसार लावून देणं, तक्रार करताना सोबत बसणं, आठवडाभर रोज एक फोन. पण आधी विचारून, तिला हवं असेल तेवढंच.

'काय शिकलीस?' मात्र बंदच करा. आघातानंतर काहींमध्ये मानसिक वाढ होते, हे टेडेस्की आणि कॅलहून यांनी नव्वदच्या दशकात मांडलं. ती वाढ त्या माणसाच्या झगड्यातून, त्याच्या वेळेने येते. बाहेरून मागितली की न वाढणं हा आणखी एक दोष होतो.

पाऊलवाट
क्रम कळला. पण "तिनेही जरा जपायला हवं होतं" असं कोणी मध्येच म्हणालं तर? लगेच गप्प करायचं का?

उंबरठा
वाक्य तिथेच थांबवा, माणसाला झिडकारू नका. "तिने काय करायला हवं होतं हा आपला आजचा प्रश्न नाही. त्याने काय केलं?" एवढं म्हणून डाव्या बाजूकडे परत या. मग जिच्याबद्दल बोलणं झालं तिला बाजूला घेऊन विचारा, सत्रात थांबायचंय का. बोलणाऱ्याशी सत्रानंतर एकट्याने बोला: "हे ऐकताना तुम्हाला स्वतःबद्दल कसली भीती वाटली?"