मानेचा काळेपणा: घासण्याआधी हे बघा

मान काळी पडली की लिंबू-बेसन लावून घासायला सांगतात, ते आधी थांबवा. घासून कातडी आणखी जाड आणि काळी होते. मळच आहे का हे बघायला इंजेक्शनआधी लावतात तो स्पिरिटचा बोळा जरा जोर देऊन फिरवा. डाग निघाला तर विषय संपला. निघाला नाही, हाताला मखमली, जाडसर लागलं, काखेतही तसंच असेल आणि बारीक लोंबते मस असतील, तर रक्तात इन्सुलिन वाढलेलं असण्याची शक्यता बरीच.

'उपाशीपोटीची साखर नॉर्मल, मग काळजी नाही' असं काहीजण म्हणतात, ते मात्र पटत नाही. स्वादुपिंड सुरुवातीला जास्तीचं इन्सुलिन ओतून साखर शंभरच्या आत ठेवतं, आणि तेच इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं. म्हणून एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करा (५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी) आणि कंबर मोजा: पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंमीच्या आत हवी. पाळी अनियमित असेल तर डॉक्टरांना पीसीओएसचंही (अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) विचारा. उतारवयात, वजन घटत असताना काळेपणा झपाट्याने तळहात-ओठांवर पसरला, तर क्रीम-बीम सोडून थेट फिजिशियन गाठा. क्वचित जठराच्या कॅन्सरमुळेही असं होतं.